मल्हारच्या नावाचा पिंजरा

"उद्या सांजच्याला पिंजरा आपल्या दारात उतरला न्हाई, तर मल्हार शेंडगे हे नाव लावायचा न्हाई!"

मल्हारनं छातीवर थाप मारून हे जाहीर केलं, तेव्हा सगळी शेंडगेवस्ती त्याच्या अंगणात जमली होती. रात्री बिबट्यानं मेंढरांच्या जाळीवरनं उडी टाकून बोकड उचलला होता. जिथनं उचलला, तिथनं अनसाबाईची बाज हातभर अंतरावर. अनसाबाई म्हणजे मल्हारची आई. पोरगं कर्तं झालं, सिमेंटची खोली झाली, पत्रा पडला, पंखा लागला, तरी म्हातारी आपली जाळीशेजारीच बाज टाकून झोपायची.

"आये, पाया पडतो, आत झोपत जा," मल्हार म्हणाला.

"मेंढरं भाईर आन् मी आत व्हय? मला काय तहसीलदारीण समजतूस?"

"बिबट्या हाय त्यो! बोकडाच्या जागी तू असतीस तर?"

"तर त्याचं दात पडलं असतं. माझ्या अंगावर चावण्यासारखं हाय काय?"

म्हातारी हलणार नाही हे मल्हारला ठाऊक होतं. म्हणजे हलवायचा तो बिबट्याच. त्याला पिंजरा पाहिजे. आणि पिंजरा आणायला मल्हारएवढा वजनदार माणूस वस्तीत दुसरा नव्हता, कारण मल्हारचा जयसिंगदादांबरोबर फोटो होता.

दादांच्या वाढदिवसाचा तो फोटो. दादांचा हात मल्हारच्या खांद्यावर. खरं तर स्टेजवरनं उतरताना दादांचा पाय घसरला होता आणि हाताशी आला तो खांदा त्यांनी धरला होता, पण फोटोत काय ते कळत नव्हतं. मल्हारनं फ्रेम करून तो खंडोबाच्या शेजारी टांगला होता. बायको रुपाली रोज खंडोबाला फूल वाहायची आणि फोटोवरची धूळ पुसायची. फोटोला फूल वाहायला मल्हारनं दोनदा सांगून बघितलं, पण तिनं ऐकलं नाही.

वडगाव रासाईपासनं भीमेच्या काठानं खाली चालत निघालात, तर दमून बसाल तिथपर्यंत ऊस दादांचा. नदीच्या अल्याड शिरूर तालुका, तिथं दादांचा बंगला. पल्याड दौंड तालुका, तिथं वरवंडच्या बाजूला दादांचा पेट्रोल पंप, गुऱ्हाळ आणि मंगल कार्यालय. मधली नदी तेवढी सरकारची, पण तिच्यातल्या पाण्याच्या मोटारी दादांच्या. बिबट्याही दादांच्याच उसात राहायला होता. शेंडगेवस्तीला तीन बाजूंनी तो ऊस आणि चौथ्या बाजूला मुरमाचं टेकाड.

मल्हारनं वनखात्याकडं रीतसर अर्ज दिला. बोकडाचा पंचनामा झाला. वर दादांना फोन लावला.

"दादा, पिंजरा पायजे बगा."

"आलाच समज," दादा म्हणाले.

म्हणून तर ती छातीवरची थाप.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला पिंजरा खरंच आला. रुपालीनं अंगणात सडा टाकला होता. चुलत चुलता आण्णा नारळ घेऊन उभा होता. पिकअपवर बांधलेला तो लोखंडी पिंजरा फाट्यावर दिसला तशी पोरं ओरडली. फाट्यावर निळी पाटी आहे, 'शेंडगेवस्तीकडे जाणारा रस्ता'. दोन वर्षांखाली वस्तीच्या नावानं मंजूर झालेला सिमेंटचा रस्ता त्या पाटीपासनं निघतो आणि दादांच्या बंगल्याच्या गेटपाशी संपतो. वस्तीकडं पाटीचा बाण तेवढा जातो. पुढं माती, आणि मल्हारच्या दारासमोर एक खड्डा. त्यात म्हशीही बसतात.

पिकअप पाटीपाशी थांबली. ड्रायव्हरनं पाटी वाचली. मग रस्ता जिकडं वळला होता, तिकडंच पिंजराही वळला.

आण्णा नारळाकडं बघत म्हणाला, "आता ह्यो कुणाम्होरं फोडू?"

"गाडी वळवून आणत असतील," मल्हार म्हणाला.

"व्हय की. रस्ता बी अजून वळवूनच आणत्यात."

मल्हार तसाच मोटरसायकल मारत बंगल्यावर गेला. पिंजरा हिरवळीवर उतरवून झाला होता. दादा झोपाळ्यावर बसले होते आणि त्यांच्या पायाशी सीझर. सीझर हे कुत्रं परदेशी होतं. त्याला स्वतःची खोली होती, त्या खोलीला एसी होता आणि एसीला वस्तीच्या नावानं आलेल्या डीपीवरनं लाईट होती.

"दादा, पिंजरा वस्तीवर पायजे हुता."

"अरे मल्हार, ये ये! तुझंच काम करतोय." दादांनी शेजारी जागा दाखवली, पण ती जमिनीवरची. "मला सांग, बिबट्या तुझ्याकडं येतो कुठनं?"

"तुमच्या उसातनं."

"आणि उसात कुठनं जातो? माझ्या बंगल्याच्या मागनं. मग इथंच धरला तर तुझ्याकडं यायला तो राहील का?"

मल्हारला हे एकदम पटलं. दादा बोलत असताना त्याला सगळंच पटायचं, घरी जाईपर्यंत टिकायचं नाही एवढंच.

"आणि ह्या बिचाऱ्याकडं बघ," दादांनी सीझरच्या डोक्यावरनं हात फिरवला. "आठ दिवस झोप नाही त्याला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे."

"आमची म्हातारी बी भाईरच झोपतीया, दादा."

"मग तिला आत झोपव ना. एवढं पण मी सांगायचं?"

वनखात्याचे साहेब कागद घेऊन पुढं आले. "शेंडगे तुम्हीच का? इथं सही करा. आणि शेळी कधी आणताय?"

"कसली शेळी?"

"पिंजऱ्यात बांधायला. मागच्या कप्प्यात शेळी, पुढच्या कप्प्यात बिबट्या, मध्ये जाळी. शेळीला काही होत नाही. ज्याच्या नावानं पिंजरा, त्याची शेळी, अशी पद्धत आहे."

"आवो पण साहेब, पिंजरा बंगल्यावर हाय!"

"नावावर तुमच्या आहे," साहेब समजुतीनं म्हणाले.

मल्हारनं दादांकडं बघितलं. दादांनी सीझरकडं बघितलं. सीझरनं जांभई दिली.

घरी जाऊन मल्हारनं चांदीला सोडलं. चांदी ही अनसाबाईची लाडकी पांढरी शेळी. म्हातारीनं तिचं दावं गच्च धरलं.

"रस्ता केला तवा मुरूम आपल्या टेकाडाचा नेला. आता वाघ धराया शेळी आपली. मल्हारी, त्यांच्या घरी सोताचं काय हाय का न्हाई रं?"

"आये, दोन दिसाचा प्रश्न हाय. बिबट्या धरला की तू बिनघोर झोपशील."

"मी बिनघोरच झोपते. घोर तुलाच हाय."

पण दिली तिनं. पोराचा शब्द गेला होता, शेळी अजून परत येण्यासारखी होती.

चांदी बंगल्यावर गेली आणि तिला तिथलं भलतंच मानवलं. दादांच्या सूनबाई तेजश्री तिला ब्रेड घालायच्या, मुलगा पृथ्वीराज कुरकुरे घालायचा. चांदी पोटभर खायची आणि गप पडून राहायची. शेळी ओरडली तर बिबट्या येणार, पण ही ओरडेल कशाला? जन्मात पहिल्यांदा तिला ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिकडं वस्तीवर त्याच दोन रात्रींत बिबट्या जाळीभोवती फिरून गेला. सकाळी अनसाबाईच्या बाजेच्या पायाशी त्याचा पंजा उमटलेला होता. रुपालीनं तो दाखवला तेव्हा मल्हार चहा तसाच ठेवून उठला.

तो परत बंगल्यावर पळाला. "दादा, आता तरी पिंजरा हलवा. आईच्या उशापायथ्याला आला हुता त्यो."

"पिंजऱ्यात दोष नाही. दोष तुझ्या शेळीत आहे," दादा म्हणाले. "ओरडतच नाही. मुकी शेळी दिलीस का आम्हाला?"

आणि इथं मल्हारनं आयुष्यातली मोठी चूक केली. शेळीची बदनामी त्याला सोसवली नाही. धनगराचा पोर तो. म्हणाला, "मुकी? आवो, अशी वरडतीया बगा," आणि तोंडाशी हात धरून त्यानं करडाचा आवाज काढला. आईला हाक मारणाऱ्या करडाचा. रानात पांगलेल्या शेळ्या धारेला बोलवायची त्यांच्या घरची ही जुनी रीत. हा आवाज कानावर पडला की चांदी कुठंही असो, दावं तोडून यायची. आताही ती ताडकन उठली आणि जाळीला धडका द्यायला लागली.

सीझर खोलीत पळाला.

दादा झोपाळ्यावरनं उठले. तो हात पुन्हा मल्हारच्या खांद्यावर आला, ह्या खेपेला पाय न घसरता.

"मल्हार, तूच बस पिंजऱ्यात."

"आँ?"

"शेळीच्या कप्प्यात रे. मध्ये जाळी आहे. साहेबांनीच सांगितलं ना, शेळीला काही होत नाही? मग तुला काय होणारे? चार दिवस आवाज काढायचा. बिबट्या सापडला की सुटली तुझी म्हातारी."

मल्हारला हेही पटलं.

अशा रीतीनं दिवस मावळला की मल्हार चांदीच्या शेजारी गुडघ्यात डोकं घालून बसायला लागला. कप्पा शेळीच्या मापाचा. उठायची सोय नव्हती, वळायची नव्हती, शिंकायचं तर दोघांनी विचार करून. कडी बाहेरनं, कारण आतनं कडीची शेळीला गरज नसते. बंगल्याचा वॉचमन बिहारचा. रोज कडी लावताना तो हळहळायचा. "भैया, आप यहाँ बैठे हो, आपके घर पे कौन है?"

"माँ हाय," मल्हार म्हणायचा. "बाहर सोती हाय."

वॉचमन कपाळाला हात लावायचा आणि गच्चीवर जाऊन दार लावून घ्यायचा. मल्हार करडाचा आवाज काढायचा. मालक शेजारी आहे म्हटल्यावर चांदी ओरडायची नाही, त्याचा कान चाटायची.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळून कडी लागली, तोच पृथ्वीराज मोबाईल घेऊन आला. दादांचा हा मुलगा पुण्यात राहून काहीतरी करायचा, काय ते घरात कुणाला माहीत नव्हतं. त्याला रील काढायचं होतं. 'बिबट्याच्या पिंजऱ्यात मी एकटा.'

"मल्हार, तू जरा खाली वाक. एकटा म्हटलंय मी."

मल्हार चांदीच्या पोटाखाली वाकला. पृथ्वीराज बिबट्याच्या कप्प्यात शिरला, मोबाईल उंच धरला आणि एक पाऊल मागं सरला. त्या पावलाखाली पाट होता. पाट दबला की दार पडतं. धाडकन पडलं, आणि दचकून हातातनं उडालेला मोबाईल गजांबाहेर जाऊन पडला.

"मल्हार! उघड लवकर!"

"कसं उघडू, मालक? माझी बी कडी भाईरनंच हाय, आन् फोन मोटरसायकलवर ऱ्हायलाय."

"मग हाक मार कुणाला तरी!"

मल्हारनं हाक मारली. पण दार पडल्याचा आवाज वॉचमननं ऐकला होता. बिबट्या सापडला म्हणून तो गच्चीचं दार आतनं लावून दिसेल त्या नंबरला फोन करत होता. तोवर दोघं जाळीच्या दोन बाजूंना बसले. इतक्या जवळ दादांच्या घरातलं कुणी मल्हारला कधी बसवून घेतलं नव्हतं.

"किती गरम होतंय," पृथ्वीराज म्हणाला. "तू रोज बसतोस इथं?"

"व्हय."

"कसं काय बसवतं तुला?"

"तुमच्या वडलांनी बसवलं."

पृथ्वीराजनं शर्टाचं बटण उघडलं. मग त्याला ऊस हललेला दिसला आणि तो मल्हारपेक्षा चांगला ओरडला. अगदी करडासारखा.

ऊस वाऱ्यानं हलला होता. तासाभरात शंभरेक माणूस बॅटऱ्या आणि मोबाईल घेऊन बिबट्या बघायला आलं. बघितलं तर आत पृथ्वीराज. गर्दीतली चांगुणा म्हातारी म्हणाली, "बया, ह्याला बी जंगलातच सोडणार व्हय?" दादा वरवंडहून गाडी पळवत आले, पोराला बाहेर काढलं आणि मल्हारच्या कप्प्यापाशी येऊन दात खात म्हणाले, "शेजारी बसून एक पोरगं सांभाळता आलं नाही तुला?"

मल्हारला हे मात्र नीट पटलं नाही. पण तोवर कडी पुन्हा लागली होती.

आणि त्याच पहाटं बिबट्या आला. कसा आला ते मल्हारनं पाहिलं नाही, कारण त्यानं डोळे मिटले होते. आवाज काढता काढता त्याला उग्र वास आला, चांदी थरथरायला लागली, मग दार पडलं, आणि वीतभर अंतरावर जाळीपलीकडनं कुणीतरी त्याच्या तोंडावर जे ओरडलं, त्यानं त्याची विजार ओली झाली. पण सापडला. मल्हार रडत रडत हसायला लागला. म्हातारी सुटली!

दिवस उगवायला दादा नवा शर्ट घालून आले. फोटोवाला आला. साहेब आले आणि आत डोकावून दचकले.

"अहो, हा माणूस काय करतोय आत? शेळीच्या जागी माणूस दिसला तर वर काय उत्तर देऊ मी?"

"मल्हार, तू बाहेर ये," दादा म्हणाले. "शेळी राहू दे. फोटोत शेळी पाहिजे."

तर फोटोत दादा, साहेब, बिबट्या आणि चांदी आले. सीझरला उचलून आणलं, तोही आला. मल्हार झाडामागं विजार पिळत होता.

दुपारी गेटासमोर सिमेंटच्या रस्त्यावरच मांडव पडला. 'बिबट्याच्या दहशतीतून परिसर मुक्त, जयसिंगदादांचा जाहीर सत्कार.' पाहुण्यांच्या गाड्या लागल्या. साहेबांनी बिबट्याला न्यायला लहान पिंजरा आणला होता, तो बिबट्यासकट पिकअपवर चढला. मोठा पिंजरा हिरवळीवरच राहिला. "बिबट्याची जोडी असते, दुसरा येईल," असं दादांचं म्हणणं पडलं.

"पण गाडी बाहेर काढायची कशी? मांडव आडवा आहे," साहेब म्हणाले.

"मांडवाला हात लावायचा नाही. मागनं काढा, वस्तीवरनं. मातीची वाट आहे."

मल्हार पुढं झाला. "साहेब, वस्तीवरनंच निघालाय तर आमची चांदी बी घेऊन जावा. आई वाट बगतीया. दारातच उतरवा." त्याला वाटलं, तेवढंच आपलंही एक काम झालं. चांदीला ड्रायव्हरशेजारी बसवलं. मल्हारला दादांनी थांबवून घेतलं.

सत्कार जोरात झाला. शाल, श्रीफळ, फेटा. एक पाहुणे म्हणाले की दादांनी जीव धोक्यात घातला. दुसरे म्हणाले, जीव धोक्यात घालणं दादांच्या रक्तातच आहे. शेवटी दादांनी माईक हातात घेतला. "आमच्या वस्तीवरचा एक साधा माणूस आहे, त्यानंही सहकार्य केलंय. ए मल्हार, ये वर! पाहुण्यांना तो आवाज करून दाखव जरा."

"आता, दादा? सगळ्यांम्होरं?"

"लाजतोस काय? माईकवर कर. लांबपर्यंत जाऊ दे."

मल्हार स्टेजवर चढला. समोर फेटेच फेटे. त्यानं तोंडाशी हात धरला आणि करडाचा आवाज काढला. माईकवरनं तो भोंग्यात गेला, भोंग्यातनं उसावरनं पार टेकाडापर्यंत. माणसं हसून हसून लोळली.

"वन्समोर!" कुणीतरी ओरडलं.

मल्हारनं पुन्हा काढला. टाळ्या चालू असतानाच खिशातला फोन वाजला. रुपालीचा होता.

"आवो, तुमी कुठं हाय? त्यो आवाज बंद करा आदी! बंद करा म्हंते ना!"

मल्हार उसातनं आडवा पळत वस्तीवर गेला.

पिकअप दारासमोरच्या खड्ड्यात एका अंगावर कलली होती. ड्रायव्हर टपावर बसला होता. लहान पिंजरा खाली मातीत पडला होता आणि त्याची खिटी निघाली होती. पिंजरा मोकळा होता.

अनसाबाई खड्ड्याच्या काठाला बसली होती. तिच्या दोन्ही हातांची सालं निघाली होती आणि हातात तुटकं दावं होतं. चांदीला तिनं गाडीतनं उतरवून घराकडं चालवलं होतं. तेवढ्यात भोंग्यावरनं करडू ओरडलं. चांदी वळली आणि आवाजाच्या दिशेनं, म्हणजे गाडीकडं, ओढ घेत सुटली. पुढं निघालेली गाडी तेव्हाच खड्ड्यात कलली. दुसऱ्या खेपेला करडू ओरडलं तेव्हा पिंजऱ्यातनं बाहेर आलेल्यानंही कान टवकारले. म्हातारीनं शेवटपर्यंत दावं सोडलं नाही, पण दुसऱ्या टोकाची चांदी बिबट्यानं उसात नेली.

"आये, लागलं का गं?"

अनसाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "वरडत तूच हुतास न्हवं?" एवढंच ती म्हणाली. मग उठून तिनं बाज जाळीला आणखी चिकटवून टाकली.

मल्हारनं साहेबांना फोन लावला आणि पिंजरा पाहिजे म्हणून सांगितलं. तुमच्या नावानं पिंजरा बंगल्यावर लावलेला आहे, एका नावावर दुसरा मिळत नाही, असं साहेबांनी कळवलं. त्या पिंजऱ्यात रात्री सीझर अडकला. तो घाबरून ओरडत होता. आवाज फार चांगला लांबपर्यंत जात होता, पण बिबट्या वस्तीवर आला.